पाचापाचांनी

आमच्या दारावर पितळी खलबत्ता आहे,
हिवाळ्यात त्याला हात लावला तर बोटं चिकटतात.
केंटकीच्या डोंगरात, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीखाली
सव्वीस जणांचं हे घर.
सगळे फार्मसीचे विद्यार्थी,
आणि संघाच्या घटनेनुसार सगळे एकमेकांचे भाऊ.
मुलीसुद्धा. मीसुद्धा.
मी लॉर्ना प्रेटर, खजिनदार,
भाऊ क्रमांक चारशे बारा.

शपथेच्या रात्री दिवे घालवून मेणबत्त्या लावल्या,
डेसीचे केस पेटता पेटता राहिले.
हसू दाबत आम्ही म्हटलं:
मोजीन ते खरं मोजीन.
ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणेन.
भावाला एकटं सोडणार नाही.
तेव्हा वाटलं होतं,
ही तीन वाक्यं एका घरात
सुखानं नांदतील.

शनिवारी आम्ही चर्चच्या तळघरात बसायचो.
टेबलावर रक्तदाबाचं यंत्र,
कुणाच्या तरी आईनं पाठवलेला मक्याचा पाव,
आणि जुन्या गोळ्या परत घ्यायची पेटी,
तिच्या राखणीला शेरीफचा एक माणूस, डुलक्या घेत.
खाणीतून निवृत्त झालेली माणसं यायची
खोकत, जिन्यात दोनदा थांबत,
बुटांच्या खोक्यात औषधं घेऊन.
आम्ही विचारायचो, ही कधी घेता?
ते म्हणायचे, आठवेल तेव्हा.

ऑर्व्हिल स्टिडम यांनी बायकोची बाटली आणली.
कॅन्सर. शेवटचे दिवस. फार कडक गोळ्या.
"दीड वर्ष झालं. टाकवत नाही.
तिचं नाव आहे ना वर."
वेंडेलनं लेबल ओल्या बोटानं भिजवलं,
अलगद सोडवलं, बाहीवर टिपलं,
म्हाताऱ्याच्या पाकिटात नीट सरकवलं.
मग गोळ्या मोजल्या, मोठ्यानं,
पाच, दहा, पंधरा, वीस,
तेहतीस.
मी डेसीला म्हणाले, याच्या हाताला गुण आहे.

रात्री वही मिळवली.
अठ्ठावीस.

पाच म्हणजे पट्टीनं एकदा लोटणं.
इतकंच. मनगट हलल्याचं कळतही नाही.
मी दोनदा बेरीज केली,
तिसऱ्यांदा केली,
चुकावी म्हणून.

मग स्वयंपाकघरात खल झाला, दारावरचा नव्हे, खरा.
कुणी म्हणालं, आपला भाऊ आहे.
कुणी म्हणालं, म्हणूनच.
कुणी म्हणालं, त्याचा परवाना जाईल,
घरात शिकलेला तो पहिलाच.
फ्रिज घुरघुरत राहिला.
डेसी म्हणाली,
"मला सख्खा भाऊ होता.
त्याच्यासाठीही सगळे असेच गप्प बसले होते,
प्रेमानं."
त्यानंतर कुणी बोललं नाही.
चार वाजता कुणीतरी अंडी तळली,
ती कुणी खाल्ली नाहीत.

सकाळी तो आणि मी डीनकडे गेलो.
बोलला तोच. मी फक्त वही धरली होती.
दुपारी गाडीत आम्ही तिघं,
नव्वद मैल, लेक्सिंग्टनच्या अलीकडचं उपचारकेंद्र.
डेसी चालवत होती. रेडिओ लागत नव्हता.
हॅझर्ड मागे पडल्यावर त्यानं विचारलं,
"कुणी मोजलं?"
"मी."
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
मग म्हणाला, "बरोबर मोजलंस."
आणि रडला, आणि मी त्याचा कोट धरून बसले,
हात धरायचा धीर झाला नाही.

यंदा नवे नऊ आले.
मेणबत्त्या आता काचेच्या बरण्यांत असतात.
तिसरं वाक्य म्हणताना
आम्ही जुने जरा अडखळतो,
नव्यांना वाटतं, भावना.
वेंडेलचं एक कार्ड आलं, घोड्याचं चित्र,
मागे फक्त: झोप लागते आता.

वर्गणीच्या वहीत सव्वीस नावं आहेत.
पुष्कळांनी सुचवलं, एक खोडून टाक.
मी दर महिन्याला त्याच्या नावापुढे
शाईनं लिहिते:
बाकी.